नाक, श्वास आणि भूल : चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत भुलीची निवड कशी घडत गेली

१. पाठाचा विषय

तास संपल्यावर एक विद्यार्थी थांबला. तिरुवैयारूच्या पुढे, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या एका गावचा मुलगा. घरात पिढ्यान्‌पिढ्या तंजावरी मराठी चालते, म्हणून माझ्याशी तो मराठीतच बोलतो. शाळेत असताना दुचाकीवरून पडून त्याचे नाक मोडले होते आणि ते वाकडेच जुळून आले. श्वासाचा त्रास फारसा नव्हता, पण आरशात पाहिले की ते डोळ्यांत भरायचे. आता ते सरळ करून घ्यायचे त्याने ठरवले होते. त्याने विचारले, "सर, पूर्ण भूल घ्यावी की जागेपुरती? आजी म्हणते, पूर्ण भूल घेतलेला माणूस उठेलच याचा काय भरवसा? जागेपुरती घे, नाहीतर नाक आहे तसं राहू दे."

मी अभियांत्रिकी शिकवतो. कोणती भूल घ्यावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि तसे मी त्याला सांगितलेही. पण आजींच्या भीतीमागे खरा इतिहास आहे. तो कळला तर डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे हे कळते. हा पाठ त्या इतिहासाचा आहे. चेहऱ्यावरच्या शस्त्रक्रियेत भुलीचा प्रकार कशावरून ठरतो, आणि 'छोटी शस्त्रक्रिया म्हणजे छोटी भूल' हे समीकरण का चुकते, हे आपण क्रमाने पाहू.

आधी चार शब्द नीट समजून घ्या.

जागेपुरती भूल : जिथे कापायचे तिथेच औषध टोचून तेवढा भाग बधिर करणे. रुग्ण जागा असतो.

नसेची भूल : चेहऱ्याच्या एखाद्या भागाची संवेदना वाहून नेणारी नस जिथून बाहेर पडते, तिथे औषध देऊन तो सगळा भाग बधिर करणे.

गुंगी : शिरेतून औषध देऊन रुग्णाला शांत किंवा अर्धवट झोपेत ठेवणे. सोबत जागेपुरती भूल असतेच, कारण नुसत्या गुंगीने वेदना थांबत नाही.

पूर्ण भूल : शुद्ध पूर्ण हरपणे. यात श्वासाची जबाबदारी भूलतज्ज्ञाकडे जाते.

२. भूल नव्हती तेव्हा

तुटलेले नाक जोडण्याची पद्धत सुश्रुतसंहितेत आहे. तिथे गालाची कातडी वापरायला सांगितले आहे. त्याच ग्रंथात शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला काय द्यावे याचाही विचार आहे. रुग्णाला आधी जेवू घालावे, आणि ज्याला वेदना सोसवत नाही व जो मद्य पितो त्याला कडक मद्य पाजावे, म्हणजे तो बेशुद्ध पडणार नाही आणि शस्त्राची धार त्याला जाणवणार नाही. पण याला अपवाद सांगितले आहेत. अडलेला गर्भ, उदर, मूळव्याध, मूतखडा, भगंदर आणि मुखरोग यांत रुग्ण उपाशी असतानाच कर्म करावे. म्हणजे शस्त्रक्रिया कोणती आणि रुग्ण कोण, यावरून तयारी बदलते हा विचार तेव्हाही होता. तोंडाची शस्त्रक्रिया बाकीच्यांहून वेगळी, हेही त्या यादीत आलेले आहे.

आता थेट १८व्या शतकाच्या शेवटाकडे या. तिसऱ्या म्हैसूर युद्धात (१७९०–९२) मराठे आणि इंग्रज टिपू सुलतानाविरुद्ध एकत्र लढत होते. इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. श्रीरंगपट्टणाजवळ तो मुंबईच्या फौजेत परतला. श्रीरंगपट्टण कावेरीतल्या बेटावर आहे. तेच पाणी पुढे तुमच्या-माझ्या या त्रिभुज प्रदेशात येते.

मराठीत 'नाक कापले' म्हणजे अब्रू गेली. नाक कापण्याची शिक्षा द्यायची ती नेमकी याच कारणासाठी. जीव जात नाही, पण माणूस लोकांत तोंड दाखवू शकत नाही. म्हणून 'हे गरजेचे ऑपरेशन की नुसते दिसण्याचे?' हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कावसजी नाकावाचून जगू शकत होता आणि वर्षभराहून अधिक काळ तसा जगलाही. मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात त्याची हकिगत चित्रासह छापली गेली. चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने काढलेले होते.

पद्धत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त वाहते राहील. मग कातडी अर्धी पिळून खाली आणायची, खुंटाच्या कडेला पाडलेल्या चिरेत तिची कड बसवायची आणि वर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवायच्या. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. मग तुपात भिजवलेली फडकी. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापायची.

अभियंता म्हणून हे वाचताना मला साच्याची कल्पना, रक्तपुरवठ्याची तरतूद आणि टप्प्याटप्प्याचे वेळापत्रक या तिन्ही गोष्टी चोख वाटतात. कपाळाच्या कातडीने नाक घडवण्याची हीच मूळ कल्पना सुधारून आजही वापरतात आणि जगभर ती 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखली जाते. तरीही एका गोष्टीसाठी त्यात एक ओळही नाही, ती म्हणजे वेदना. कपाळ सोलले जात असताना कावसजीने काय सोसले असेल, याचा उल्लेख हकिगतीत येत नाही. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने ही हकिगत वाचून प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी एका लष्करी अधिकाऱ्यावर ती शस्त्रक्रिया केली. तोही रुग्ण जागाच होता. १८१६ मध्ये कार्प्यूने दोन यशस्वी शस्त्रक्रियांचे पुस्तक छापले आणि युरोपात ही पद्धत पसरली.

त्याच काळात आपल्या तंजावरात काय चालले होते? १७९८ ते १८३२ या काळात इथे दुसरे सरफोजी राजे भोसले गादीवर होते. श्वार्ट्‌झ या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली शिकलेले, अनेक भाषा जाणणारे आणि ग्रंथांचा अतोनात नाद असलेले राजे. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक जाणणारे लोक एकत्र काम करत. नेत्ररुग्णांच्या चाळीसहून अधिक नोंदी, रोगट डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयाकडे आहेत. त्यांत मोतीबिंदूचे रुग्ण बरेच आहेत. आजच्या भाषेत या केसशीटच.

डोळा म्हणजे चेहऱ्याचा सर्वांत नाजूक भाग. आणि १८४६ पूर्वी जगात कुठेच डोळा बधिर करण्याचा भरवशाचा उपाय नव्हता, तंजावरातही नाही आणि लंडनमध्येही नाही. अशा वेळी शल्यचिकित्सकाकडे निवडीला उरत होते ते इतकेच : रुग्ण कोणता घ्यायचा, त्याला किती घट्ट धरायचे आणि हात किती चपळ चालवायचा. वेदनेची मर्यादा हीच शस्त्रक्रियेची मर्यादा होती.

३. मुखवटा आणि सुरी एकाच जागी

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. १८४७ मध्येच ईथर कोलकात्याला पोचले. त्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. ते वापरायला सोपे होते : रुमालावर थेंब टाका, नाकातोंडावर धरा. उष्ण प्रदेशात भरकन उडून जाणाऱ्या आणि पेट घेणाऱ्या ईथरपेक्षा ते सोयीचे वाटले आणि भारतात ते दीर्घकाळ टिकले.

पण २८ जानेवारी १८४८ रोजी, म्हणजे तीन महिनेही झाले नव्हते, इंग्लंडमधल्या विनलॅटन या गावी हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताच दगावली. शस्त्रक्रिया कसली होती? पायाच्या बोटाचे नख काढायची. हे उदाहरण लक्षात ठेवा. शस्त्रक्रिया किती लहान आहे याच्याशी भुलीच्या धोक्याचा थेट संबंध नसतो. आजींची भीती इथून सुरू होते, आणि ती निराधार नाही.

क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो श्वास थांबल्याने की हृदय थांबल्याने, यावर पुढे चाळीस-पन्नास वर्षे वाद चालला. त्यातला मोठा अध्याय हैदराबादचा आहे. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. तिथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत होते की धोका फक्त श्वासाला असतो. श्वासावर नजर ठेवली की पुरे. निजामाच्या पैशातून १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले आणि शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरी यांच्या बाजूने लागला. याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दूनजी पुढे भूल देणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक ठरल्या.

आयोगाचे म्हणणे अर्धे बरोबर होते. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाही हृदयाची लय अचानक बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणजे हृदयाकडेही पाहायला हवे होते. पण 'भूल देणाऱ्याने शस्त्रक्रियेकडे नाही, रुग्णाच्या श्वासाकडे पाहत राहावे' हा हैदराबादचा धडा आजही खरा आहे.

आता चेहऱ्याकडे या. पाय कापायचा असेल तर एक माणूस डोक्याशी बसून क्लोरोफॉर्म देतो आणि दुसरा पायाशी काम करतो. नाक घडवायचे असेल तर? मुखवटा जिथे बसवायचा तिथेच सुरी चालवायची आहे. मुखवटा काढला तर रुग्ण जागा होऊ लागतो, ठेवला तर काम करता येत नाही. शिवाय नाकातले आणि तोंडातले रक्त घशात उतरते, आणि बेशुद्ध माणूस खोकून ते बाहेर टाकू शकत नाही. एकाच छोट्या जागेवर दोघांचा हक्क आणि तीच जागा श्वासाची वाट, ही चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेची मूळ अडचण आहे. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या अडचणीची दोन उत्तरे.

४. पहिले उत्तर : झोपवूच नका

सप्टेंबर १८८४ मध्ये हायडेलबर्ग इथल्या नेत्रतज्ज्ञांच्या सभेत व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरचा निबंध वाचला गेला. प्रवासाला पैसे नसल्याने तो स्वतः जाऊ शकला नव्हता, दुसऱ्याने वाचला. कोकेनचे थेंब टाकले की डोळा बधिर होतो, एवढेच त्यात होते. सरफोजींच्या धन्वंतरी महालातल्या रुग्णांना जे हवे होते ते अर्ध्या शतकानंतर मिळाले. जागेपुरत्या भुलीची सुरुवात अशी चेहऱ्यापासूनच झाली.

काही महिन्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि सहकाऱ्यांनी कोकेन थेट नसेजवळ टोचले. त्यांच्या पहिल्या प्रयोगांत खालच्या जबड्याची नस होती. दंतवैद्य दाढ काढताना आज जे इंजेक्शन देतो, त्याचे हे मूळ. पण प्रयोग ते स्वतःवरही करत होते, आणि हॉल्स्टेड व्यसनात अडकले. कोकेनच्या जास्त मात्रेने रुग्णही दगावत. म्हणजे 'जागेपुरती' भूलही जागेपुरती राहत नाही. औषध रक्तात जातेच.

दोन सुधारणांनी चित्र बदलले. १९०३ च्या सुमारास जर्मनीच्या हाइनरिश ब्राउन यांनी औषधात ॲड्रेनलीन मिसळायला सुरुवात केली. ॲड्रेनलीनने रक्तवाहिन्या आकसतात : रक्तस्राव कमी होतो, औषध जागेवरच जास्त वेळ राहते आणि रक्तात सावकाश उतरते. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असल्याने हा फायदा इथे सर्वांत जास्त. १९०५ मध्ये कोकेनऐवजी प्रोकेन वापरात आले, आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेले लिडोकेन १९४८ पासून बाजारात आले. आजही चेहऱ्यासाठी सर्वांत जास्त वापरले जाते ते हेच.

निसर्गानेही इथे थोडी मदत केली आहे. बाहुलीच्या मधून जाणारी एक उभी रेघ चेहऱ्यावर कल्पना. भुवईखालच्या कडेला, डोळ्याखालच्या हाडात आणि हनुवटीच्या बाजूला, साधारण याच रेघेवर तीन छिद्रे असतात. त्यांतून कपाळाच्या, गाल-वरच्या ओठाच्या आणि खालच्या ओठाच्या नसा बाहेर पडतात. तिथे थोडे औषध दिले की मोठा भाग बधिर होतो. जखमेत भरपूर औषध टोचून तिचा आकारच फुगवून टाकण्यापेक्षा हे बरे, कारण चेहऱ्यावर एका मिलिमीटरचाही फरक दिसतो.

मात्रेचे गणित तुम्ही करू शकाल. ते समजण्यासाठी आहे, वापरण्यासाठी नाही. नुसत्या लिडोकेनची नेहमी सांगितली जाणारी मर्यादा शरीराच्या दर किलोला ४.५ मिलिग्रॅम, आणि ॲड्रेनलीनसह ७ मिलिग्रॅम. रुग्णाचे वजन ५० किलो असेल तर या मर्यादा २२५ आणि ३५० मिलिग्रॅम होतात. २ टक्के द्रावणात दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे अनुक्रमे सुमारे ११ आणि १७.५ मिलिलिटर. एका पापणीला ही मात्रा भरपूर होते. पण पूर्ण चेहरा आणि मान ओढून घट्ट करायची असेल तर हा साठा पाहता पाहता संपतो, म्हणून तिथे औषध पातळ करून वापरतात. मर्यादा ओलांडली तर जीभ बधिर होते, कानात आवाज येतो, पुढे झटके येतात आणि हृदयही थांबू शकते. शिरेतून चरबीचे द्रावण देऊन अशा रुग्णाला वाचवता येते, हे माणसांत २००६ मध्ये पहिल्यांदा नोंदले गेले. जिथे हे द्रावण आणि ते देणारा माणूस नाही, तिथे 'फक्त जागेपुरती भूल' हेही धाडसच असते.

५. दुसरे उत्तर : श्वासाची वाट वेगळी करा

पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढणाऱ्या हजारो सैनिकांचे चेहरे उद्ध्वस्त झाले. लंडनजवळ सिडकप इथे १९१७ मध्ये खास त्यांच्यासाठी रुग्णालय उघडले. तिथे हॅरल्ड गिलिज चेहरे पुन्हा घडवत. जबडा नाही, नाक नाही, अशा माणसाच्या तोंडावर मुखवटा बसवायचा कुठे? रुग्णाला बसवून शस्त्रक्रिया केली तर रक्त बाहेर ओघळते, पण भूल देणे अवघड. पातळ नळीतून ईथरची वाफ घशात फुंकली तर ती रक्तासकट शल्यचिकित्सकाच्याच तोंडावर परत येई.

१९१९ पासून तिथे काम करणाऱ्या आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉथम या भूलतज्ज्ञांनी यावर तोडगा काढला. एकच रुंद रबरी नळी नाकातून किंवा तोंडातून थेट श्वासनलिकेत घालायची. श्वास आत-बाहेर तिच्यातूनच, आणि घशात भोवतीने पट्टी भरली की रक्त खाली जात नाही. भूल देणारा चेहऱ्यापासून दूर सरकला आणि पूर्ण चेहरा शल्यचिकित्सकाला मोकळा मिळाला. आज जगभर कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेत वापरतात ती श्वासनळी अशी चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेतून घडली आहे.

आणि हे पुन्हा पुण्याला आले. गिलिज यांच्याकडे शिकलेले नोशिर अंतिया (१९२२–२००७) १९५० च्या दशकात भारतात परतले. पुण्याजवळ कोंढव्यात त्यांनी कुष्ठरुग्णांवर काम केले आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी उभी केली. कुष्ठरोगात नाकाचा आतला आधार नष्ट होऊन नाक खचते. रोग बरा झाला तरी खचलेले नाक पाहून गावात घेत नाहीत. अंतियांनी गिलिज यांच्या पद्धतीने नाकाला आतून अस्तर लावून ते उभे केले. पुण्याच्या परिसरात, कावसजीनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, तोच प्रश्न होता : नाक परत मिळाले तर माणूस लोकांत परत येतो.

६. आज निवड कशावरून ठरते

आता तुमच्या लक्षात आले असेल की 'कोणती भूल सुरक्षित' हा प्रश्नच अपुरा आहे. चार प्रश्न विचारायला हवेत.

पहिला : रक्त कुठे जाणार? पापणीचे रक्त बाहेर पुसता येते. नाकाचे हाड मोडून पुन्हा बसवताना रक्त घशात उतरते. तिथे नळी घालून पूर्ण भूल देणे हे अनेकदा हलक्या गुंगीपेक्षा सुरक्षित ठरते, कारण वाट बंदिस्त असते. नाकाच्या टोकापुरते छोटे काम असेल तर जागेपुरती भूल पुरते.

दुसरा : रुग्ण जागा असायला हवा का? लोंबलेली पापणी उचलताना शल्यचिकित्सक मध्येच "डोळा उघडा, वर बघा" असे सांगतो आणि दोन्ही बाजू सारख्या आल्या का ते पाहतो. झोपलेल्या रुग्णावर हे मोजमाप करता येत नाही.

तिसरा : रुग्ण कोण आहे? लहान मूल, खूप घाबरणारा माणूस, घोरताना श्वास अडकणारा, हृदयविकाराचा किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा, या प्रत्येकाचे उत्तर वेगळे. घोरणाऱ्याला 'थोडीशीच गुंगी' ही पूर्ण भुलीपेक्षा जास्त धोक्याची ठरू शकते. हलकी गुंगी, मध्यम गुंगी, खोल गुंगी आणि पूर्ण भूल या वेगवेगळ्या खोल्या नाहीत, एकाच उताराच्या पायऱ्या आहेत. तेवढ्याच औषधाने एक जण पहिल्या पायरीवर थांबतो, तर दुसरा घसरून शेवटच्या पायरीवर जातो.

चौथा : जागा कोणती आणि पाहतो कोण? जो कापतो त्यानेच गुंगीवरही लक्ष ठेवायचे, असे होता कामा नये. नाडी आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारे बोटाचे यंत्र हवे; त्याचे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. पण श्वास थांबल्यावर ऑक्सिजनचा आकडा पडायला वेळ लागतो, आणि नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असेल तर आणखी जास्त. म्हणून बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्रही हवे. ते चुकलेला श्वास तत्काळ दाखवते. हैदराबादचा धडाच यंत्राच्या रूपात आला आहे.

याच नळीवरून एक इशारा तुमच्यासाठी. आगीचा त्रिकोण तुम्ही शिकला आहात : इंधन, ऑक्सिजन, ठिणगी. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत कापड आणि केस हे इंधन, नाकाशी ऑक्सिजन, आणि रक्तवाहिनी बंद करणाऱ्या विजेच्या सुईची ठिणगी, हे तिन्ही वीतभर जागेत येतात. जागेपुरती भूल आणि गुंगीखाली असे भडके उडून चेहरे भाजले आहेत. म्हणून उघड्यावर दिला जाणारा ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली ठेवावा, असे सांगितले जाते. जास्त ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला नळी घालणेच बरे.

गावाकडच्या वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मन्नारगुडी, पापनाशम किंवा कुंभकोणमच्या बाजूने तंजावरला येऊन 'सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी' असे ठरवताना परतीचा प्रवास हा भुलीचाच भाग समजा. गुंगी किंवा पूर्ण भुलीनंतर २४ तास गाडी चालवायची नाही, आणि सोबत जाणते माणूस हवेच. रात्री नाकातून रक्त आले तर कुठे जायचे, हे निघण्यापूर्वी विचारून ठेवा.

७. समारोप

१८९८ मध्ये बर्लिनच्या जाक जोसेफ यांनी मोठ्या नाकापायी लोकांत जायला लाजणाऱ्या एका माणसाचे नाक लहान केले. नाक निरोगी होते, त्रास मनाला होता, आणि तो त्रासही खराच आहे असे त्यांनी डॉक्टरांच्या सभेत मांडले. मला ते पटते. पण त्यातून एक जबाबदारीही येते. आजारी माणूस जीव वाचवायला धोका पत्करतो. इथे धडधाकट माणूस स्वतःच्या पायांनी चालत येऊन टेबलावर झोपतो. पूल बांधताना आपण जसे अपेक्षित भारापेक्षा कितीतरी जास्त ताकद ठेवतो, तशी इथे सुरक्षेची बाजू अधिक भक्कम हवी. स्वस्त पडते म्हणून भूलतज्ज्ञ वगळायचा, हा पर्यायच नाही.

त्या विद्यार्थ्याने वरचे चार प्रश्न वहीत लिहून नेले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हाड पुन्हा मोडून बसवावे लागेल, तेव्हा नळी घालून पूर्ण भूल. आजींना त्यांनी समोर बसवून समजावले की नातू झोपलेला असेल, पण त्याच्या प्रत्येक श्वासावर एक माणूस पूर्ण वेळ नजर ठेवेल, आणि त्या माणसाला दुसरे कोणतेही काम नसेल. आजी तयार झाल्या त्या या एका वाक्यावर.

दोन आठवड्यांनी तो तासाला आला. नाकावरची पट्टी नुकतीच निघाली होती आणि डोळ्यांखाली पिवळसर डाग होते. म्हणाला, "सर, घशात पट्टी ठेवतात ती फळ्यावर लिहितात आणि काढल्यावरच खोडतात." मी त्याला म्हटले, हे बाकीच्यांनाही सांग.

स्वाध्याय

१. कावसजीच्या शस्त्रक्रियेतील कोणत्या गोष्टी आजही टिकून आहेत आणि कोणती एक गोष्ट पूर्ण बदलली?

२. 'भूल देणाऱ्याने श्वासाकडे पाहावे' हा हैदराबाद आयोगाचा निष्कर्ष अर्धा बरोबर का म्हणायचा?

३. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ॲड्रेनलीनसह १ टक्के लिडोकेनच्या मर्यादेचे मिलिलिटर काढा. द्रावण पातळ केल्याने एकूण मात्रा बदलते का? कारण द्या.

४. तुमच्या घरी कुणी चेहऱ्याची शस्त्रक्रिया करून घेतली असेल तर त्यांना विचारा : भूल कोणती होती, ती का निवडली आणि श्वासावर लक्ष कोण ठेवत होते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांना माहीत नसेल, तर तीही नोंद करा.